लोकर म्हणजे नेमके काय? एकलहऱ्याच्या टोपड्यांवरून काही निरीक्षणे

मराठीत 'विणकाम' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या कामांना चालतो. येवल्यात मागावर पैठणी होते तेही विणकाम आणि दोन सुयांवर टोपडे होते तेही विणकाम. पैठणीत उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना ओलांडत जातात. टोपड्यात धागा एकच असतो; आधीच्या टाक्यातून नवा टाका ओढून काढायचा, त्यातून पुढचा. म्हणून टोपडे ताणले तर ताणले जाते, सोडले तर पुन्हा आवळते, आणि शेवटचा टाका बंद करायचा राहिला तर धागा ओढताच पूर्ण उसवून पुन्हा गुंडा होते. पैठणीला हे जमत नाही. मात्र पैठणी करणाऱ्याला 'विणकर' म्हणतात, त्याच्या कामाला पेठ आहे, भौगोलिक मानांकन आहे. टोपडे करणारीला नावच नाही. 'तिला विणकाम येतं' एवढ्यावर भागते.

दुसरा शब्द 'लोकर', आणि हा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे. कोशातला अर्थ मेंढीच्या अंगावरचे केस. दुकानातला अर्थ विणायला वापरतात तो कोणताही मऊ, फुगीर धागा. 'चार पदरी लोकर द्या' म्हटल्यावर काउंटरवर येते ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या रसायनाचा तंतू. दुकानदार फसवत नसतो. लेबलावर लिहिलेले असते. पण मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या तोंडी शब्द एकच असल्यामुळे लेबल वाचायची वेळच येत नाही. रंग पाहायचा, गालाला लावून मऊपणा पाहायचा, घ्यायचे. मोठ्या माणसाच्या स्वेटरला हे चालून जाते. कानटोपी, मफलर, हातमोजे आणि विशेषतः बाळाचे टोपडे-मोजे या लहान वस्तू उघड्या कातडीला लागतात, तिथे ते नेहमी चालत नाही.

एकलहऱ्याची निवड मी केली याचे कारण, विणणाऱ्या बायकांची अशी दाट वस्ती मला दुसरीकडे दिसलेली नाही. नाशिकरोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठी औष्णिक वीज केंद्र आले आणि त्याच्याबरोबर वसाहत आली. भुसावळजवळच्या दीपनगरहून, परळीहून, कोराडीहून बदलून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी राहू लागली. नवरा पाळीवर, मुले शाळेत, आणि थंडी तर अशी की शेजारच्या निफाड तालुक्यात पारा एक आकडी उतरला की राज्यभर बातमी होते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. बदलीच्या सामानात सुया आणि नमुनेही येत. नमुना म्हणजे तळहाताएवढा विणलेला तुकडा. त्यावरून शेजारीण टाके मोजून घेई. लिहून ठेवायची पद्धत जवळपास नव्हतीच. ती बदलून गेली की नमुना तिच्याबरोबर जाई, किंवा शेजारणीच्या हातात उरे.

सुयांच्या नंबराचे कोडे याच वसाहतीत मला उलगडले. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे प्रत्येकीला ठाऊक असते. का, हे सहसा नसते. विणकामाच्या सुयांचे हे जुने ब्रिटिश क्रमांक तारेच्या जाडीच्या मापावरून आलेले आहेत. तार साच्याच्या भोकांतून ओढत ओढत बारीक करतात. जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार बारीक. त्या मापात १० नंबरची तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते, आणि १० नंबरची सुईही तेवढीच. आमच्या घरी सुईवरचा नंबर झिजून गेला की विद्युत विभागातल्या हत्यारांच्या पिशवीतली, कडेला खाचा असलेली गोल चकती बाहेर निघे. सुई ज्या खाचेत नेमकी बसेल तो तिचा नंबर. इतर नंबर तंतोतंत जुळत नाहीत, पण अंदाजाला पुरतात. एकाच चकतीने घरातली दोन्ही कामे मोजली जात. त्यातले एक हजेरीपटावर होते.

हे काम आले कुठून, यावर थोडक्यात. इजिप्तमध्ये साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले विणलेले मोजे सापडले आहेत आणि ते निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. म्हणजे जुन्यातले जुने विणकाम गरम प्रदेशातले आणि सुती आहे; विणायचे ते लोकरीनेच, हा नियम नंतरचा. आपल्याकडे सुया आल्या मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या बायकांच्या हातून. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण-टिपण, भरतकाम असली हातकामे मध्यमवर्गीय घरांत मानाची केली. आणि १९६२च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्या दोन-तीन महिन्यांत विणकामाला देशकार्य म्हणत होते. मग ते पुन्हा फावल्या वेळात जाऊन बसले.

सत्तरचे दशक संपता संपता देशात ॲक्रिलिक तंतू तयार होऊ लागला. एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तीन संचही १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले, तेव्हा वसाहत वाढली ती ॲक्रिलिकच्याच जमान्यात. घरोघर 'कॅशमिलॉन' हा शब्द आला. मुळात ते एका जपानी कंपनीच्या ॲक्रिलिकचे व्यापारी नाव. स्वस्त, भडक रंगांचे, कसर न लागणारे, आटण्याची भीती नसलेले. खऱ्या लोकरीला गरम पाणी, साबण आणि चोळणे एकत्र मिळाले की तिच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि टोपडे बाहुलीच्या मापाचे होते. त्या धास्तीतून ॲक्रिलिकने सुटका केली, हे नाकारता येणार नाही. बायका त्याकडे वळल्या त्या अडाणीपणाने नव्हे.

गेल्या हिवाळ्यात मी ओळखीच्या घरांतून जुन्या टोपड्यांचे, मोज्यांचे उरलेले धागे गोळा केले आणि जाळून पाहिले. ही परीक्षा घरी करता येते. बोटभर धागा चिमट्यात धरावा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाणी, खिडकी उघडी, मुले लांब. खरी लोकर नाइलाजाने जळते, ज्योत दूर केली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी गुठळी बोटाने चुरडते. सूत कागदासारखे भरभर जळते, कागदाचाच वास येतो, राख करडी आणि हलकी. ॲक्रिलिक भडकते, वितळते, पेटते थेंब गाळते आणि थंड झाल्यावर नखाने न फुटणारा काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात खुणा एकमेकींत मिसळतात; तिथे लेबलावरची टक्केवारीच पाहावी. ज्या वस्तू मला 'लोकरीच्या' म्हणून दाखवल्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांचा मणी झाला.

याचे महत्त्व बाळंतिणीच्या खोलीत कळते. बाळंतविड्यात पूर्वी शिवलेली कुंची, झबली, दुपटी असत. पुढे विणलेले टोपडे, स्वेटर आणि मोजे हा त्याचा मानाचा भाग झाला. आणि त्याच खोलीत शेगडी असते. बाळाला न्हाऊ घातले की शेक, मग ओवा, वावडिंग, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी. डॉक्टर आता धुराला मनाई करतात आणि ते बरोबर आहे. पण शेगडी अजून सगळ्या घरांतून गेलेली नाही. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. लोकर जळत राहायला साधारण २५ टक्के लागतो, म्हणून साध्या हवेत ती स्वतःहून विझते. ॲक्रिलिकला आणि सुतालाही १८च्या आसपास पुरतो. दोन्ही पेटतात, पण ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. ठिणगी उडण्याची शक्यता असलेल्या खोलीत बाळाच्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न मऊपणाच्या आणि रंगाच्या आधी यायला हवा. दुकानात तो कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही.

मग टोपडे कशाचे विणावे? नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे, कातडीचा जवळपास पाचवा हिस्सा तिथे. ऊब तिथूनच जाते. कडक थंडीत बारीक मेरिनो सर्वांत चांगली. तंतू तीस मायक्रॉनपेक्षा जाड असला की त्याची टोके कातडीत टोचतात; मेरिनो त्याच्या बरीच खाली असते. शिवाय लोकर हवेतला दमटपणा स्वतःत घेते आणि तरी ओली लागत नाही. नेहमीच्या हवेत ती वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून असते, सूत साडेआठ, ॲक्रिलिक दीड-दोन. नाशिककडे पहाटे हुडहुडी आणि दुपारी ऊन. ॲक्रिलिकच्या टोपड्यात दुपारी बाळाचे डोके घामाने चिंब होते ते यामुळे. एरवी आठ महिने सुती धागाच बरा. त्याला लवचिकपणा कमी, काठ सैल पडतो. म्हणून काठ एक नंबर बारीक सुईने विणावा. टोपड्याला हनुवटीखाली बांधायचे लांब बंद आणि शेंड्याला गोंडा लावायची हौस असते; बंद गळ्याभोवती गुंतू शकतो, गोंडा तोंडात जाऊ शकतो. दोन्ही टाळावेत, आणि घरात झोपलेल्या बाळाचे टोपडे काढून ठेवावे. पायमोज्यांत जाळीची नक्षी नको. आतल्या बाजूला राहिलेला सुटा धागा बोटाभोवती आवळून रक्त थांबल्याच्या घटना वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. मोजा उलटा करून पाहिल्याशिवाय घालू नये.

पाळीवर जाणाऱ्यासाठी मफलर नको, कानटोपी. फिरत्या यंत्राजवळ लोंबता मफलर हा धोका आहे, आणि तिथेही वितळणारा धागा नको. लांब मफलर स्टेशनावर आणि लग्नात शोभतात.

टाक्यांचे गणित सोपे आहे, तरी सर्वांत जास्त कंटाळा त्याचाच. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर. टोपडे ३२चे विणावे, म्हणजे ताणून बसते. हातातल्या धाग्याचा आणि सुईचा नमुना विणून दहा सेंटिमीटरमध्ये टाके मोजावेत. २५ आले तर सेंटिमीटरला अडीच, ३२ला ८० टाके. दोन सुलट दोन उलट काठासाठी चारने भागही जातो. तेच ८० टाके जाड धाग्यावर, जिथे दहा सेंटिमीटरला २०च बसतात, घातले तर घेर ४० होतो आणि टोपडे बाळाच्या नाकावर येते. 'मागच्या वेळी ऐंशीच घातले होते' हे वाक्य मी वसाहतीत फार वेळा ऐकले आहे. पदरांवरही भिस्त ठेवू नये. 'चार पदरी' म्हणजे चार धागे पिळलेले, ते किती जाड हे कंपनीगणिक बदलते. लेबलावर डाय लॉटचा क्रमांक असतो, सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत. दोन लॉटांतला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात दिसतो.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. लुधियानाचा ॲक्रिलिक गुंडा आणि परदेशी मेंढीची मेरिनो यांच्यामध्ये, आमच्या वसाहतीच्या कुंपणापलीकडे, खरी लोकर दरवर्षी चालत येते. पिके निघाली की धनगरांचे कळप रानात बसतात. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढ्यांना चारा. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. तिची लोकर जाड, केसाळ, काळी-करडी; टोपड्याला अजिबात नको, टोचेल. तिची घोंगडी होत आली, चिंचोक्याची खळ दिलेली, पाऊस अंगावर न घेणारी. घोंगडी मागणारे कमी झाले तशी ही लोकर कवडीमोल झाली. शेळी-मेंढीसाठी राज्याचे महामंडळ १९७८पासून आहे, पण विणणाऱ्या बाईच्या सुयांपर्यंत ही लोकर पोचलेली नाही. जे कातडीला लागत नाही ते तिचे होऊ शकते: पिशवी, बसायचे आसन, दुधाच्या भांड्याखालची चकती, शेगडीवरून पातेले उचलायचा जाड हातपोस, जिथे लोकरीचे न पेटणे उपयोगीच पडते.

मागच्या माघात एका कळपातल्या आजींनी टकळीवर काढलेले सूत मला दिले. पीळ घट्ट, जाडी कमी-जास्त, मेंढीचा वास पुरेपूर. ७ नंबरच्या सुयांवर ४० टाके घालून मी त्याची भाजीची पिशवी विणली आणि मुद्दाम गरम पाण्यात, साबणात घोळून आटवली. तळहाताएवढी कमी झाली, पण इतकी घट्ट की आता पिशवीतून शेंगदाणाही गळत नाही. आजींना दाखवली तेव्हा त्यांनी आत हात घालून पाहिले आणि विचारले, "ह्याला माग लागला नाय?" लागला नाही म्हटल्यावर त्यांनी सुया मागून घेतल्या.