हापूस बागेत, पण गुगलवर गायब!

देवगड-रत्नागिरीकडचे कित्येक बागायतदार आता दलालाला टाळून हापूसच्या पेट्या थेट घरपोच पाठवतात. त्यासाठी हौसेने वेबसाइटही करून घेतात. पण पुण्यातल्या गृहिणीने गुगलवर शोधले, तर ती सापडतच नाही. खर्च पाण्यात!

असे का होते? पुष्कळदा सगळी माहिती, अगदी भावासकट, एका देखण्या चित्रात कोंबलेली असते. शोधयंत्राची भिस्त मात्र मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावर. आणि मजकूर असलाच, तर तो ‘आमची परंपरा, आमचा दर्जा’ छापाचा. गिऱ्हाईक असे काही टाइप करते का? ते विचारते, ‘देवगड हापूस ५ डझन पेटी भाव’. मग हेच शब्द पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात हवेत. फळे तयार की कच्ची, पुण्याला किती दिवसांत पोचतात, हेही सरळ लिहावे. तेच शब्द पन्नासदा घुसडू मात्र नयेत. गुगल त्याला लबाडी समजते. पानामागे ‘कीवर्ड’ची यादी लपवण्याचा जुना उपायही फुकटच, क्रम लावताना ती विचारात घेत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच सांगून टाकले.

बागेत किंवा दुकानात विक्री होत असेल, तर पत्ता गुगलच्या नकाशावर नोंदवायला पैसे पडत नाहीत. ‘पहिला नंबर हमखास’ म्हणत पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलच बजावते. केलेल्या बदलांचा परिणाम दिसायला कधी कधी काही महिनेही लागतात. मार्चमध्ये आंबा विकायचा, तर पान दिवाळीतच दुरुस्त करायला घ्यावे.