रिमोटची गाडी, तिची मोटर आणि पालकांचा खिसा

वार्षिक परीक्षा आटोपल्या की बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांचा रोख बदलतो. वजन, भूक, खोकला यांच्या जोडीला ‘मुलाला रिमोटची गाडी घेऊन द्यावी काय?’ हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर बहुधा होकारार्थी असते. पडद्यावर बोट फिरविण्यापेक्षा हाताने स्क्रू फिरविणे मुलाच्या बोटांना व बुद्धीला अधिक मानवते. परंतु मित्रांबरोबर शर्यती सुरू झाल्या की ‘जास्त ताकदीची मोटर हवी’ असा हट्ट सुरू होतो, आणि अनावश्यक खर्च व धोका या दोहोंचा आरंभ तेथूनच होतो. मोटर कशी निवडावी, केव्हा बदलावी आणि केव्हा बदलू नये, याचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

खेळणे की छंदाची गाडी?

खेळण्याच्या दुकानातील स्वस्त गाडीत सर्व विद्युतयंत्रणा एकाच पट्टीवर जडविलेली असते. तिला मोठी मोटर जोडली की ती पट्टीच जळते. छंदाच्या गाडीत मोटर, वेग-नियंत्रक, रिसीव्हर आणि बॅटरी हे घटक सुटे असतात व स्वतंत्रपणे बदलता येतात. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली विजेवर चालणारी रिमोट गाडी बाजारात आणली, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. म्हणून स्वस्त गाडी म्हणजे कमी किमतीची नव्हे, तर जिचे सुटे भाग मिळतात ती, असा अर्थ घ्यावा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहावे.

मोटरीचे अंतरंग

मोटरीचा प्राण म्हणजे तांब्याची तार. मलाजखंडची तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे हा धातू आपल्याला परका नाही. साध्या, म्हणजे ब्रशच्या मोटरीत बाहेरच्या डब्याला चुंबक चिकटविलेले असतात व आत तारेची गुंडाळी फिरते. तिला वीज पोहोचविण्याचे काम कार्बनचे ब्रश करतात. ते घासतात, झिजतात आणि काही शक्ती उष्णतेत गमावतात. ब्रशविरहित मोटरीत रचना उलटी असते. गुंडाळी स्थिर राहते, चुंबक फिरतात आणि वीज कोणत्या गुंडाळीत केव्हा सोडायची हे वेग-नियंत्रक ठरवितो. ती अधिक कार्यक्षम व टिकाऊ असते. मात्र तिला तीन तारांचा वेगळा नियंत्रक लागत असल्याने खर्च दुहेरी होतो.

अंकांची भाषा

मोटरीवरील ३८०, ५४०, ५५० हे आकडे ताकदीचे नसून आकाराचे आहेत. ५४० व ५५० यांची जाडी सारखीच, ५५० लांबीला अधिक. ३८०च्या जागी ५४० बसत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. ‘२७ टी’ म्हणजे प्रत्येक ध्रुवावर तारेचे २७ फेरे. फेरे कमी केले की वेग वाढतो. पण मोटर विजेचा प्रवाहही अधिक ओढते. ब्रशविरहित मोटरीवर ‘केव्ही’ लिहिलेले असते. एका व्होल्टला बिनओझ्याने किती फेरे, हा त्याचा अर्थ. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे घेईल. केव्ही जास्त म्हणजे ताकद जास्त, हा मात्र गैरसमज आहे. तेवढ्याच प्रवाहात तिचा पीळ उलट कमी असतो.

मोटर, बॅटरी, नियंत्रक आणि दातेरी चक्रे यांचा मेळ हवा. शंकरपटात एकच बैल वाऱ्यासारखा धावून भागत नाही, जोडी जमावी लागते. तसेच हे आहे.

मोटरीचा ताप

शेतातील पंपाची मोटर जळते म्हणजे काय होते, हे बालाघाटच्या धान उत्पादकाला सांगायला नको. लहान मोटरीचेही तेच. प्रवाह दुप्पट झाला की गुंडाळीतील उष्णता चौपट होते. शिवाय तांबे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो. २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तो सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उष्णतेतून उष्णता, असे हे चक्र आहे. ब्रशविरहित मोटरीतील साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतात.

म्हणून शर्यतीनंतर मोटरीचे तापमान मोजावे आणि बाहेरून ७० अंशांच्या आसपास आले की थांबावे. दवाखान्यातील कपाळाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी. तो शरीराच्या तापापुरताच असतो. कारखान्यात वापरतात तो अवरक्त किरणांचा तापमापक घ्यावा. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४० अंशांच्या वर असते, तेव्हा सकाळी वा सायंकाळी गाडी चालविणे उत्तम.

बदलाचा क्रम

मोटर सर्वांत शेवटी बदलावी. प्रथम आसांवरील केस-धागे काढून चक्रे स्वच्छ करावीत. मग प्लास्टिकच्या बुशांऐवजी बॉल बेअरिंग बसवावेत. इतक्या कमी खर्चात इतका लाभ दुसऱ्या कशातही नाही. त्यानंतर पिनियन, म्हणजे मोटरीच्या आसावरील लहान दातेरी चक्र. मोठ्या चक्राला ७२ व पिनियनला १८ दाते असतील तर गुणोत्तर ४ येते. २० दाते केले तर ३.६. कमाल वेग वाढतो, परंतु मोटरीवरील ओझेही वाढते. मोटर तापत असेल तर एक-दोन दाते कमी करावेत. दोन चक्रांत कागदाची पट्टी जेमतेम सरकेल इतके अंतर ठेवावे. ब्रशची नवी मोटर प्रथम सुमारे ३ व्होल्टवर काही मिनिटे बिनओझ्याने फिरवावी, म्हणजे ब्रश नीट बसतात. हे सर्व करूनही गाडी मागे पडत असेल तरच मोटर बदलावी, आणि नियंत्रकाला किती फेऱ्यांपर्यंतची मोटर चालते हे आधी वाचावे.

मुलांची सुरक्षितता

दीड किलोची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने घोट्यावर आदळली तर हाड मोडू शकते. येथेही वर्गाचा नियम लागू आहे : वेग दुप्पट, आघात चौपट. म्हणून नवी मोटर चालविताना प्रथम चाके जमिनीपासून उचलून धरावीत व प्रेक्षक मुले आडोशामागे उभी करावीत. लिथियम पॉलिमर बॅटरी योग्य चार्जरवर आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. फुटलेल्या मोटरीतील चुंबकाचे तुकडे व काही रिमोटमधील बटन सेल धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. अन्ननलिकेत अडकलेला बटन सेल दोन तासांत भाजल्यासारखी गंभीर इजा करतो, आणि एकाहून अधिक चुंबक पोटात गेले तर आतड्याला छिद्र पडू शकते. लाळ गळणारे, खाणे नाकारणारे मूल पाहताना आपण डॉक्टरांनीही ही शंका मनात ठेवावी आणि एक्स-रेला विलंब करू नये.

सर्वांना एकच मोटर

मोटरींची चढाओढ सुरू झाली की शर्यत मुलांची न राहता वडिलांच्या पाकिटांची होते. यावर छंदवाल्यांनी फार पूर्वीच उपाय काढला आहे. परदेशांतील अनेक शर्यतींत सर्व स्पर्धकांना ठरावीक फेऱ्यांची एकाच प्रतीची मोटर सक्तीची असते. आपल्या मंडळाच्या मैदानावर उद्या मुलांची शर्यत भरवायची झाल्यास २७ फेऱ्यांची साधी ५४० मोटर सर्वांना एकच द्यावी आणि शर्यत संपताच प्रत्येक मोटरीचे तापमान सर्वांसमक्ष मोजावे. मग जिंकेल तो ज्याने चक्रे नीट जुळविली, बेअरिंग स्वच्छ ठेवले आणि वळणावर वेग आवरला. त्या मुलाचे वडील दुकानदार आहेत की डॉक्टर, याने निकालात फरक पडणार नाही.