दोन हजारवर ठेव

लोकल खाडी ओलांडत असताना गाडीच्या बरोबरीने उडणारा एक बगळा दिसला आणि उडता पक्षी कॅमेऱ्यात धरायचाच, असं मनाने घेतलं. म्हणून थंडीतल्या एका सकाळी डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर गेले.

तिथे नेहमी येणाऱ्या एका काकांनी माझा कॅमेरा घेऊन आधी शटर पाहिलं. "दोन हजारवर ठेव." म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. त्याहून हळू गेलं की पंखांची टोकं हलतात. कोवळ्या उजेडात एवढ्या वेगासाठी आयएसओ चढवावा लागतो, फोटोत दाणे येतात. "दाणे चालतील गं, हललेला डोळा नाही चालत." कंटिन्युअस फोकस आणि बर्स्ट लावला की कॅमेऱ्याची तयारी झाली. उरलेलं सगळं शिक्षण पक्ष्याकडे बघण्याचं.

पक्षी वाऱ्याला सामोरा होऊन उठतो. इकडे थंडीतल्या सकाळी वारा बहुधा जमिनीवरून, पूर्वेकडून येतो, ऊनही पूर्वेचंच. दोन्ही पाठीशी घेऊन उभं राहिलं, तर उठलेला पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो आणि त्याच्या डोळ्यात उजेड असतो.

समोर चिखलात चिखलाच्याच रंगाचा वंचक उभा होता. तो शिटला. "आता उठेल," काका पुटपुटले. वंचकाने पाय मोडले, मान पुढे काढली आणि त्या मातकट अंगातून एकदम पांढरेशुभ्र पंख उघडले. चिखलाच्या रंगावर बेतलेल्या एक्स्पोजरला ते पंख भगभगीत होतात, पीस न् पीस पुसलं जातं. काकांनी तो उठायच्या आधीच एक्स्पोजर उतरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बगळ्यांच्या थव्यावर ढेकूळ भिरकावलं. थवा उठला, कॅमेरे कडकडले. काकांनी आपला कॅमेरा खाली घेतला. "शटर दोन हजारवर असेल त्याचं. पण मिळणार सगळे पाठमोरे."

पक्षी मुद्दाम उठवण्याचा हा मोह ठाणे खाडीत आणखी मोठा. 2015 मध्ये तिथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. ऐरोलीहून बोट निघते, आणि बोट थोडी आणखी जवळ नेली तर गुलाबी थवा उठेल, असं बोटीतल्या कुणाला तरी वाटतंच. पण रोहित चोच उलटी धरून उथळ पाण्यातून शेवाळ गाळून खातो. त्याच्या जेवणाची वेळ भरती-ओहोटी ठरवते. आपण उठवलं की त्या मोजक्या वेळातला घास जातो.

घाबरून उठलेला पक्षी आपल्यापासून दूरच उडतो, त्यामुळे पळवून काढलेला फोटो स्वतःच चुगली करतो. नवशिक्याने महागडी लेन्स घेण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाठ करावं, वाऱ्याची दिशा बघावी आणि एका जागी बसावं. पक्ष्याला त्रास न देण्याची वाट आणि चांगल्या फोटोची वाट इथे एकच आहे.