वांकलेला बंपर आणि ढळलेलें अवधान

संस्कृतांत ‘प्रमाद’ या शब्दाचा अर्थ केवळ चूक असा नसून बेसावधपणा असाही आहे. पहिला अर्थ मीं जन्मभर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना शिकविला. दुसरा मात्र मला सेवानिवृत्तीनंतर पोलादपूर येथील एका गॅरेजांत शिकावा लागला. ती हकीकत सांगतांना कमीपणा मजकडेच येतो. तरीही ती सांगणें अवश्य वाटतें, कारण असा प्रसंग कोणत्याही भरल्या घरावर येण्याजोगा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी महाडच्या औद्योगिक वसाहतींतील माल ट्रकनें गोव्याकडे नेत असतो. गेल्या कार्तिकांत परत येतांना खेडच्या सुताराकडून आमचा नवा चौरंग आणण्याचें त्यानें कबूल केलें होतें. घरीं सत्यनारायणाची तयारी, पाहुण्यांची वर्दळ. ‘चौरंग आला का?’ हा प्रश्न दहा तोंडांनीं विचारला गेला, आणि मीं अधीर होऊन त्याला तीनदां फोन लावला. पहिले दोन त्यानें वाजूं दिले. तिसऱ्या वेळीं, गुरुजींचें एवढें निकडीचें काय असेल, म्हणून त्यानें फोन उचलून पाहिला. कशेडी मागें पडून पोलादपूर जवळ आलें होतें. तेवढ्यांत पुढच्या ट्रकनें वेग कमी केला. याचा पाय ब्रेकवर पडला, पण उशिरां. बंपर पुढच्या गाडीच्या पाठीवर आदळला. देवाच्या कृपेनें कोणास इजा झाली नाहीं. चौरंगही शाबूत राहिला.

दुसऱ्या दिवशीं मी एस्. टी.नें पोलादपुरास गेलों. मुलाचें म्हणणें एवढेंच कीं, मालकानें पाहण्यापूर्वी बंपर ठोकून सरळ करावा व वर रंग मारावा. “नोकरी जाईल हो, गुरुजी,” तो हळूच म्हणाला. परंतु मिस्त्री जाणता माणूस. तो म्हणाला, “बंपर म्हणजे दारावरचा पडदा. पडदा केव्हांही शिवतां येईल. आधीं भिंतीला तडा गेला का तें पाहूं या.”

त्यानें बोल्ट सोडवून बंपर उतरविला. बंपर ज्या दोन आधारांवर बसतो ते चॅसिसच्या लांब तुळयांना जोडलेले असतात. त्यांपैकीं डावा मुडपला होता. मग त्यानें तुळयांवर तिरकी फीत धरून दोन्ही कर्णांचीं मापें घेतलीं. तीं सारखीं भरलीं, म्हणजे सांगाडा वांकडा झालेला नव्हता. आयताचे कर्ण समान असतात हें मीं फळ्यावर शेंकडों वेळां सिद्ध केलें. त्याचा उपयोग त्या दिवशीं पाहिला. रेडिएटर गळतो का, स्टिअरिंगची दांडी वांकली का, हेंही त्यानें तपासलें. बंपरचा जाड पत्रा जॅकनें दाबून व घणानें ठोकून हळूहळू सरळ केला. मुडपलेला आधार मात्र टाकून नवा बसविला. “मुडपलेलें लोखंड सरळ दिसतें, पण त्याच जागीं पुन्हां दगा देतें,” हें त्याचें कारण. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडविल्या, नाहींपेक्षां नव्या गाड्यांतील विजेचें नाजूक यंत्र बिघडण्याचा संभव. गंज बसूं नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला व त्यावर रंग. शेवटीं गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचा झोत पाहिला. कारण वर चढलेला झोत समोरून येणाऱ्यास आंधळा करतो.

कोणी सुचविलें कीं, आतां पुढें लोखंडी नळ्यांचा क्रॅश-गार्ड बसवून टाका. मिस्त्रीनें मान हलविली. असे गार्ड बसविणाऱ्यांवर कारवाई करावी असें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्येंच राज्यांना कळविलें होतें. त्यांमुळें पादचाऱ्यास अधिक इजा होते.

परततांना मीं मनांत गणित केलें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारें १७ मीटर जाते. फोनकडे पाहण्यांत ३ सेकंद गेले, तर ५० मीटर रस्ता माणूस डोळे मिटून गेला म्हणावयाचें! अष्टावधानी पंडितांचें आपल्याकडे कौतुक होतें; परंतु सभेंत चुकलें तर हंसें होतें, रस्त्यावर चुकलें तर प्राण जातो. सारथ्यास एकच अवधान पुरे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत २०१९ सालच्या दुरुस्तीनें हातांत फोन घेऊन गाडी चालविणें हें स्पष्टपणें धोकादायक ठरविलें असून, पहिल्या गुन्ह्यास १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. घरीं बसून फोन करणाऱ्याचें नांव त्या कलमांत नाहीं. त्यानें आपला न्याय आपणच करावयाचा.

म्हणून मीं मालकास भेटून सारें खरें सांगितलें व खर्चाचा अर्धा वांटा दिला. मालक रागावले, पण मुलाची नोकरी राहिली.

आमच्या घरीं आतां एक नियम झाला आहे. वाटेवर असलेल्या माणसास कोणीं फोन करावयाचा नाहीं. पोंचल्यावर त्यानेंच कळवावें. पहिले कांहीं दिवस घरांतील बायकामाणसांना व मलाही तें जड गेलें. काळजी वाटली कीं हात फोनकडे जातो. परंतु आपली काळजी शमविण्यासाठीं दुसऱ्याचे डोळे रस्त्यावरून काढून घेणें ही माया नव्हे. चौरंग तासभर उशिरां आला असता, तर सत्यनारायण रागावला नसता.