मसालेभात, सांबार टाकून

पुण्याकडून आलेल्या सुनेला गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडच्या सासूने "भातावर सांबार टाक" म्हटले, तर ती बिचारी तुरीची डाळ शोधायला लागेल. सासूला हवी असते कोथिंबीर. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि मसालेभाताबद्दलचे गैरसमज असे थेट शब्दांपासून सुरू होतात. गोडा मसाला चवीला गोड नसतो. दगडफूल हे फूल नसते. खडकांवर आणि खोडांवर बुरशी व शैवाल जो एकत्र संसार थाटतात, तो वाळवून मसाल्यात पडतो. कोकणात भात शेतात उभा असतो. सौंदडच्या बांधीत उभे असते ते धान, त्याचा भात होतो फक्त गंजात, म्हणजे पातेल्यात.

धानाच्याच या मुलखात, राष्ट्रीय महामार्गावरच्या या गावात, पाहुणे येणार म्हटले की दुकानातून बासमतीची पिशवी आणली जाते. मसालेभाताला बासमतीच लागतो, हा समज इतका पक्का बसला आहे. बासमतीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नाही, आणि मसालेभातही त्या तांदळावर वाढलेला नाही. बासमतीचा दाणा लांब होतो, मोकळा राहतो, पुलावाला शोभतो. मसालेभाताला मसाला धरून ठेवणारा, किंचित मऊ दाणा हवा. आंबेमोहर त्यासाठी नावाजलेला आहेच, पण पूर्व विदर्भातल्या घरांत एचएमटी असतो. तो तर चंद्रपूर जिल्ह्याचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते बी त्यांनी वर्षानुवर्षे निवडून वाढवले, आणि त्या वाणाला नाव पडले त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे. हा बारीक दाणा घरात असताना बासमती आणणे म्हणजे तलावाकाठी राहून बाटलीतले पाणी विकत घेणे.

आता पाण्याचे. "एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी" हे सूत्र बहुतेक घरांत पाठ असते, आणि बहुतेक बिघडलेल्या मसालेभातांचे मूळही तेच असते. दिवाळीनंतर धान निघाले, गिरणीतून तांदूळ आला, की डिसेंबरात तोच गंज, तीच वाटी, तोच हात, आणि भाताचा गोळा. दोष हाताचा नसतो. नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि शिजताना चिकट होतो. तोच तांदूळ वर्षभर मुरला की जास्त पाणी घेतो, फुलतो, मोकळा राहतो. म्हणून जुन्याला उघड्या गंजात दोन वाट्या ठीक, नव्याला दीड वाटीने सुरुवात करून गरज वाटली तर वरून गरम पाण्याचा शिपका द्यावा.

दुसरा हिशेब भाज्यांचा. वांगी, टमाटर, फुलकोबी यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. भाज्या ज्या दिवशी जास्त, त्या दिवशी पाणी कमी, एवढी साधी वजाबाकी सूत्रात नाही. तिसरा हिशेब तर चांगल्या सुगरणींनाही चकवतो. दोन वाट्यांपैकी साधारण एक वाटी तांदूळ पितो. उरलेले बरेचसे वाफ होऊन उडते. उडणारे पाणी गंजाच्या तोंडावर, झाकणावर आणि शिजण्याच्या वेळेवर ठरते. तांदूळ चौपट झाला म्हणून ते चौपट होत नाही. चौघांचे प्रमाण जेवणावळीला सरळ गुणले की लापशी होते ती यामुळे. बंद कुकरात वाफ फारशी जातच नाही, तिथे पाणी आणखी कमी.

मसालेभात हा सणासुदीचा, वेळखाऊ पदार्थ, हेही तितके खरे नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर तांदूळ धुऊन निथळत ठेवावा आणि तेवढ्यात वांगी, आलू चिरावे. थंडीत पोपटाचे, म्हणजे वालाचे दाणे असतील तर फारच छान. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी, भाज्या, मसाला, मग तांदूळ दोन मिनिटे परतून आधणाचे पाणी. टमाटर किंवा दही मात्र भाज्या अर्ध्या शिजल्यावरच घालावे, कारण आंबटात भाज्या लवकर मऊ होत नाहीत. झाकण ठेवल्यावर सारखे ढवळायचे नाही; दाणे मोडतात. पाऊण तासात पान मांडता येते.

रेशनचा तांदूळ निवडताना मात्र अजूनही काही हात थांबतात. पिवळसर, जरा वेगळे दिसणारे दाणे "प्लास्टिकचे" म्हणून बाजूला काढले जातात. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकारात काढतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. महाराष्ट्रात याचा प्रायोगिक प्रकल्प झाला तो शेजारच्या गडचिरोलीत. पाण्यावर काही दाणे तरंगतात म्हणून ते प्लास्टिक ठरत नाहीत, आणि भाताचा लाडू टप्पा खातो तो स्टार्चमुळे. शंका असेल त्याने असे चार दाणे वेगळे शिजवून बोटांत चिरडावे. प्लास्टिक शिजून मऊ होत नाही. निवडून फेकले जाते ते लोह. उलट ताटात लिंबू पिळले, तर ते अंगी लागायला मदतच होते. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर मात्र लोहाचा प्रश्न डॉक्टरांना विचारलेला बरा.

राहिला उरलेल्या भाताचा विषय. "सकाळी खमंग परतला की काही होत नाही" हा समज यातला सर्वांत महागात पडणारा. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबदार राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. वैदर्भीय उन्हाळ्यात तर रात्रभर ओट्यावर ठेवलेला गंज त्यांना आयताच मिळतो. उरलेला भात ताटात पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल, तर रात्री तांदूळ अर्धी वाटी कमी घ्यावा. सकाळच्या फोडणीच्या भाताची वाट पाहणारे घरात कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.