ट्रॉलीचा टायर कधी उतरवायचा?

ऊसतोड तोंडावर आली की ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग होतं, ट्रॉलीच्या बेअरिंगला ग्रीस भरलं जातं आणि टायरकडे बघून कुणीतरी म्हणतं, ‘नक्षी आहे अजून, यंदाचा हंगाम निघेल.’ माझ्या मते ट्रॉलीचा टायर नक्षीवरून पारखणंच धोक्याचं आहे. ट्रॉली हंगामात पळते आणि उरलेले कित्येक महिने उन्हापावसात एका जागी उभी राहते. म्हणून तिचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो.

रबरात संरक्षक मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, आणि ते मेण पृष्ठभागावर येत राहून हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतं. उभ्या ट्रॉलीत हे जवळपास थांबतं. रबर कडक होतं, बाजूला भेगा पडतात.

तेव्हा आधी बाजू बघा. ट्रॉली रिकामी असताना टायर ओल्या फडक्यानं पुसा आणि बॅटरी घेऊन आतली बाजूही तपासा. तिकडे सहसा कुणाची नजर जात नाही. केसासारख्या वरवरच्या भेगा असल्या तर लक्ष ठेवावं. भेगेत नख शिरत असेल, दोरे दिसत असतील किंवा कुठे फुगा आला असेल, तर टायर त्याच दिवशी उतरवावा. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटलेले असतात. तिथे आतून गेटरचं ठिगळ टाकून उसाचा भार ओढणं म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाशी खेळ आहे.

मग वय. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३५१९ म्हणजे २०१९ सालातला पस्तिसावा आठवडा. हा आकडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. पाच वर्षांनंतर दर हंगामाआधी कसून तपासणी हवी. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, टायर काढावा.

नक्षी शेवटी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात; साधारण १.६ मिलिमीटर खोली उरली की ते नक्षीच्या बरोबरीला येतात आणि टायर संपतो. रिमोल्ड करायचा असेल तर त्याच्या आधीच, आणि तोही सांगाडा धड असेल तरच.

झीज कुठे झाली आहे, तेही बघा. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी किंवा भार जास्त. एकच कड खाल्ली असेल तर आक्सल वाकलाय किंवा बेअरिंग सैल आहे. ते दुरुस्त न करता घातलेला नवा टायरही तसाच जाईल.

एका आक्सलचे दोन्ही टायर एकदम, त्याच मापाचे आणि त्याच प्लायचे घ्यावेत. एक नवा आणि एक झिजलेला असला, तर उंचीतल्या फरकामुळे ट्रॉली झिजलेल्या टायरच्या बाजूला कलते. ट्यूब आणि फ्लॅपही त्याच वेळी बदलावेत. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून तिथेच फाटते.