मृत पक्ष्यांची वर्दी

जवाहरनगरच्या परिसरातील मुले धानाच्या बांध्यांतून व बोडीच्या काठाने शाळेत येतात. एखादा कावळा वा बगळा मरून पडलेला असल्यास तो प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो. ही गोष्ट शिक्षकांनी क्षुल्लक मानू नये.

सन १९९९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी कावळे मोठ्या संख्येने मेले. त्याच सुमारास माणसांनाही मेंदूज्वर जडला. दोहोंच्या मुळाशी वेस्ट नाईल हा एकच विषाणू आढळला. क्युलेक्स जातीचे डास तो पक्ष्यांकडून घेतात व माणसास देतात. पुढे तेथे मृत पक्ष्यांच्या नोंदींवरून रोगाची चाहूल घेण्यात येऊ लागली.

आपल्याकडील जपानी मेंदूज्वर पसरविणारे डासही क्युलेक्सच असून ते धानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. हा विषाणू बगळ्यांच्या व डुकरांच्या शरीरात वाढतो. परंतु बगळे त्याने सहसा मरत नाहीत. म्हणून मृत पक्षी दिसला नाही एवढ्यावरून गाव निर्धास्त समजू नये. मुलास तीव्र ताप येऊन झटके वा गुंगी आल्यास त्यास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.

मृत पक्ष्यास कोणीही हात लावू नये. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील मृत कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. स्थळ, तारीख, पक्ष्याची जात व संख्या लिहून शिक्षकांनी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पक्षी कुजल्यावर तपासणीतून कारण हाती लागणे कठीण होते.